प्रवेशयादीत नाव लागल्यानंतर



नीटचा निकाल लागतो, वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या जाहीर होतात आणि आपल्या परदेशस्थ परिवारांच्या व्हॉट्सॲप गटांवर अभिनंदनाचा वर्षाव सुरू होतो. कुठल्या तरी तालुक्याच्या गावातील, शेतमजुरी करणाऱ्या आईवडिलांची मुलगी एमबीबीएसला लागलेली असते. गावच्या विहारात तिचा सत्कार होतो, पुष्पगुच्छासोबत बाबासाहेबांचे चरित्र दिले जाते, छायाचित्र सातासमुद्रापार पोहोचते आणि आपल्यापैकी कुणीतरी दहा-वीस हजार रुपये पाठवून देतो. हा आनंद अगदी खरा आहे. ज्या समाजाला अक्षरओळखही नाकारली गेली, त्या समाजातील मुलगी शवविच्छेदनाच्या दालनात पाऊल ठेवते, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र त्या छायाचित्रानंतरची साडेपाच वर्षे ती कशी काढते, हे आपण क्वचितच विचारतो.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. आरक्षणाने महाविद्यालयाचे दार उघडले. दाराच्या आतला व्यवहार मात्र पैसा, इंग्रजी, ओळखी आणि जात यांच्याच हाती राहिला. आपली मदत नेमकी त्या दारापाशी संपते. खरे तर ती तेथून सुरू व्हायला हवी.

ॲन आर्बरमध्ये शिकता येण्यासारखे

मी ज्या गावात राहतो त्या ॲन आर्बरमध्ये मिशिगन विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली सुरू झाले. १८७१ मध्ये अमांडा सॅनफर्ड ही तेथील पहिली स्त्री पदवीधर ठरली आणि १८७२ मध्ये हेन्री फिट्झबटलर हे तेथून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर झाले. पदवी घेऊन ते केंटकी राज्यातील लुइव्हिलला गेले. तेथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणाची दारे बंद होती, म्हणून १८८८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह लुइव्हिल नॅशनल मेडिकल कॉलेज उभारले. आपल्याला मिळालेली विद्या मागे राहिलेल्यांपर्यंत नेणाऱ्या या माणसाची ओळख आपल्या वाचकांना वेगळी करून द्यावी लागणार नाही. आपल्या परंपरेत हेच काम फुले दाम्पत्याने आणि बाबासाहेबांनी केले.

पुढची कथा तितकीच बोधप्रद आहे. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अमेरिकी वैद्यकीय शिक्षणावरील प्रसिद्ध अहवाल आला. त्या काळातील अनेक महाविद्यालयांचा दर्जा खरोखरच वाईट होता, त्यामुळे सुधारणेची गरज नाकारता येत नाही. मात्र नव्या दर्जासाठी प्रयोगशाळा हव्या होत्या, स्वतःचे रुग्णालय हवे होते, पूर्णवेळ प्राध्यापक हवे होते. म्हणजेच भरपूर पैसा हवा होता. गरीब समाजाच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांना तो उभा करता येईना. कृष्णवर्णीयांच्या सात महाविद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकली. फिट्झबटलर यांचे महाविद्यालय १९१२ मध्ये बंद पडले. दर्जाच्या नावाखाली ऐपतीची परीक्षा घेतली गेली आणि ती न झेपणाऱ्यांवर गुणवत्ता नसल्याचा शिक्का बसला. ‘गुणवत्ता’ हा शब्द उच्चारला जाईल तेव्हा त्यात दर्जा किती आणि किंमत किती, हे तपासून पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आजचे चित्र काय आहे? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार मिशिगन विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांतील सुमारे ६६ टक्के विद्यार्थी देशातील सर्वाधिक उत्पन्नाच्या २० टक्के कुटुंबांतून आलेले होते. सर्वात गरीब २० टक्क्यांतून आलेले चार टक्केही नव्हते. हे सार्वजनिक विद्यापीठ आहे, हे लक्षात घ्यावे. वैद्यकीय शिक्षणात ही दरी तितकीच रुंद आहे. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने आपल्याच आकडेवारीच्या आधारे दाखवले आहे की तीन दशके जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थी वरच्या ४० टक्के उत्पन्नगटातून येत राहिले.

पदवी घेताना कर्ज असलेल्या डॉक्टरांच्या डोक्यावर साधारण दोन लाख डॉलर असतात. मात्र सुमारे तीन दशांश विद्यार्थी कोणतेही कर्ज न घेता बाहेर पडतात. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांमधील हे अंतर पुढे कोणती शाखा निवडायची, कोणत्या गावात जायचे, गरिबांच्या दवाखान्यात काम करणे परवडेल की नाही, अशा प्रत्येक निर्णयात उतरते. आता २०२५ च्या कायद्याने जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी संघराज्याच्या कर्जावर वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा घातली आहे. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला या मर्यादेने काही फरक पडणार नाही.

शुल्काखेरीजचा खर्च तर हिशेबातच येत नाही. प्रवेशासाठी प्रयोगशाळेत बिनपगारी काम केलेले असावे लागते, डॉक्टरांसोबत राहून त्यांचे काम पाहिल्याचे तास दाखवावे लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुकानात काम करून घरभाड्याला हातभार लावणाऱ्या मुलाने हे तास कोठून आणायचे?

या विद्यापीठाच्या इतिहासातील आणखी एक गोष्ट आपल्याला थेट लागू पडते. २००६ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी सार्वजनिक विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्यास बंदी घातली. त्यानंतर विद्यापीठाने अनेक पर्यायी उपाय केले. तरीही पदवी अभ्यासक्रमांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण २००६ मधील सुमारे ७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये सुमारे ४ टक्क्यांवर आले, असे विद्यापीठानेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. ‘आरक्षण काढा आणि फक्त गरिबी पाहा’ असा सल्ला आपल्याला देणाऱ्यांनी हा दीड दशकांचा अनुभव जरूर अभ्यासावा.

निश्चित मदतीचे मोल

याच विद्यापीठाने २०१५ मध्ये एक प्रयोग सुरू केला. मिशिगनमधील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील हुशार विद्यार्थ्यांना थेट पत्र पाठवण्यात आले: तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांचे शिक्षणशुल्क माफ असेल, त्यासाठी उत्पन्नाचे वेगळे कागद जोडायची गरज नाही. एरवीही या मुलांपैकी बहुतेकांना जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. फरक एवढाच होता की एरवी ती अर्जांच्या जंजाळातून, शेवटी आणि अनिश्चितपणे मिळाली असती. आता ती आधीच, लेखी आणि निश्चित मिळाली. सुझन डायनार्स्की आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात परिणाम दिसला तो असा: ज्यांना पत्र गेले नव्हते त्यांच्यापैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला, ज्यांना गेले त्यांच्यापैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ टक्क्यांऐवजी २७ टक्के झाले.

गरीब विद्यार्थ्याला पैशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, अनिश्चितता छळते, असा या प्रयोगाचा अर्थ मला दिसतो. बाबासाहेबांच्या चरित्रात आपण हे वाचलेले आहे. १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी मंजूर केलेल्या, महिन्याला साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. रक्कम मोठी नव्हती, पण ती ठरलेली होती. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये स्वतःची बचत, नवल भथेना या मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या आधारे ते पुन्हा गेले आणि अभ्यास पुरा केला. बाबासाहेबांसारखी प्रज्ञा असतानाही मदत थांबताच तीन वर्षे हातची गेली. सामान्य बुद्धीच्या, पण कष्टाळू मुलीची मदत तिसऱ्या सेमिस्टरला थांबली तर तिचे काय होत असेल?

महाराष्ट्रातील साडेपाच वर्षे

महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयात अनुसूचित जातीच्या विद्यार्थिनीचे शिक्षणशुल्क शासन भरते, हे खरे. प्रश्न त्यापुढचा आहे. मेसचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात. शिष्यवृत्ती मात्र महाडीबीटीवरील अर्ज, पडताळणी आणि मंजुरी यांतून केव्हातरी खात्यात येते. विदर्भातील एका शासकीय महाविद्यालयात शिकलेल्या माझ्या मावसबहिणीच्या खात्यात पहिल्या वर्षाचा निर्वाहभत्ता दुसरे वर्ष निम्मे सरल्यावर जमा झाला. तोवर पुस्तके, ॲप्रन, स्टेथोस्कोप, हाडांचा संच हे सगळे उसनवारीवर चालले होते. माझा व्यवसाय संगणकप्रणाली बांधण्याचा आहे, म्हणून एवढे नक्की सांगतो: एखादी यंत्रणा कागदोपत्री उत्तम चालत असली तरी ज्याला आज जेवायचे आहे त्याला ती सहा महिन्यांनी उत्तर देत असेल, तर ती त्याच्यासाठी बंदच आहे.

त्यातही उत्पन्नाची अट पाहा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे सुमारे तीन हजार डॉलर. ॲन आर्बरमधील एका साध्या सदनिकेचे दीड-दोन महिन्यांचे भाडे. दुसरीकडे, २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणासाठी ही मर्यादा आठ लाखांची आहे, आणि त्या आरक्षणातून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांतील गरिबांना वगळलेले आहे. अडीच लाखांवर गेलेला दलित निर्वाहभत्त्यापुरता सुखवस्तू ठरतो आणि आठ लाखांच्या आतला सवर्ण दुर्बल ठरतो. गरिबीची व्याख्यासुद्धा जात पाहून बदलते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

इंग्रजी हा आणखी एक अदृश्य खर्च. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला शरीररचनाशास्त्राचा विषय समजतो. अडते ते तोंडी परीक्षेत. उत्तर माहीत असते आणि वाक्य जुळत नाही. समोरच्या परीक्षकाने आडनाव वाचलेले असेल तर ती अडखळ अज्ञान म्हणून नोंदवली जाते. ही केवळ कल्पना नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करण्यासाठी २००६ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपल्याच अमरावती जिल्ह्यातील प्रा. सुखदेव थोरात होते. वसतिगृहातील वेगळे पाडणे, मेसमधील आणि खेळाच्या मैदानावरील दुरावा, शिक्षकांचा पक्षपात, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांतील वागणूक, हे सारे २००७ च्या त्या अहवालात नोंदलेले आहे.

आणि डॉ. पायल तडवी यांना आपण विसरू शकत नाही. जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल समाजाची ही मुलगी मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाली आणि मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिचा मृत्यू झाला. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप असलेला तो खटला न्यायालयापुढे आहे, त्यावर निर्णय देणे आपले काम नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. ती तेव्हा विद्यार्थिनी होती आणि डॉक्टरही होती. पदवी मिळाली म्हणून जात सुटते, हा समज त्या दिवशी पुन्हा एकदा खोटा ठरला. वर्ग आणि जात हे दोन वेगळे अडसर आहेत. एक ओलांडला म्हणून दुसरा आपोआप दूर होत नाही.

विकत मिळणारी जागा

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडू. २००५ च्या पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना १५ टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवण्याची मुभा दिली. या जागांचे शुल्क इतर जागांच्या कित्येक पट असते. सप्टेंबर २०२४ मध्ये पंजाब सरकारने दूरच्या नातेवाइकांनाही या कोट्यात घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला फसवणूक ठरवून फेटाळले. त्याच्या एक वर्ष आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, पदव्युत्तर नीटची पात्रता सर्वच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. आरक्षणाच्या पाच-दहा गुणांवरून ज्यांना गुणवत्तेची काळजी वाटते, त्यांचा आवाज या दोन्ही प्रसंगी फारसा ऐकू आला नाही. पैसे मोजून मिळालेल्या जागेवर कुणी ‘कोट्यातला डॉक्टर’ असे लिहीत नाही.

हे मी मुद्दाम याच मासिकात लिहितो आहे, कारण ‘अनिवासी भारतीय’ म्हणजे आता आपणही आहोत. आपल्यातील काही परिवारांना भारतातील अशी जागा परवडते. येथे वाढलेल्या आपल्या मुलांना प्रवेशपरीक्षेची महागडी शिकवणी, ओळखीच्या डॉक्टरांकडे अनुभवाचे तास, निबंध तपासून देणारा सल्लागार हे सहज मिळते. कष्टाने मिळवलेला पैसा मुलांसाठी खर्च करण्यात दोष काय, असे कुणी विचारेल. दोष काहीच नाही. आपले आईवडील पोटाला चिमटा घेऊन हेच करत होते. मात्र आपल्या मुलांना एवढे सांगणे आपले कर्तव्य आहे की त्यांच्या यशात विकत घेतलेला एक भाग आहे, आणि गावाकडच्या त्या मुलीच्या प्रवेशात उपकाराचा भाग अजिबात नाही. हे सांगितले नाही, तर पुढच्या पिढीत आपल्याच घरातून आरक्षणाची टिंगल ऐकू येईल. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी व्यक्त केलेली व्यथा आपण दरवर्षी उद्धृत करतो. ती दुसऱ्या कुणाबद्दल आहे असे समजण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

आपण काय करू शकतो

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शाळेच्या दारापर्यंत आलेल्या मुलाला राहायला आणि जेवायला जागा नसेल तर ते दार व्यर्थ आहे, हे त्यामागचे भान होते. शंभर वर्षांनंतर त्याच भानाने मी चार सूचना मांडतो.

पहिली, एकरकमी सत्काराऐवजी दरमहाचे लेखी आश्वासन द्यावे. समजा, एका विद्यार्थिनीला महिन्याला आठ हजार रुपये द्यायचे ठरवले. साडेपाच वर्षांचे ६६ महिने. एकूण पाच लाख २८ हजार रुपये. आजच्या दराने हे महिन्याला सुमारे ९० डॉलर होतात. पाच परिवार एकत्र आले तर प्रत्येकी १८ डॉलर. पहिल्याच दिवशी तिच्या हाती पत्र द्यावे की हे पैसे शेवटच्या महिन्यापर्यंत येतील, दरवर्षी नवा अर्ज करावा लागणार नाही आणि छायाचित्रासाठी उभे राहावे लागणार नाही. शिष्यवृत्ती उशिराने आली तरी ही मदत थांबू नये.

दुसरी, आपल्यातील डॉक्टरांनी वेळ द्यावा. आठवड्यातून एक तास, दृक्‌श्राव्य संवादातून, पहिल्या वर्षाच्या चार-पाच विद्यार्थ्यांकडून तोंडी परीक्षेचा सराव करून घ्यावा. इंग्रजी वाक्य जुळवण्याची भीती पुस्तकाने जात नाही. ‘ताई, हे कसे म्हणायचे?’ असे विचारता येईल असे माणूस लागते.

तिसरी, छळ झाल्यास तिने कुणाला फोन करायचा हे आधीच ठरलेले असावे. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेविषयीचे नियम आले होते. कायदा असूनही एकट्या मुलीला त्याचा आधार वाटत नाही. तारीख, वेळ आणि घडलेला प्रसंग लिहून ठेवायला सांगणारे, वकिलाशी गाठ घालून देणारे आणि दर आठवड्याला ‘कशी आहेस?’ असे विचारणारे कुणी असेल तर तो आधार प्रत्यक्षात येतो.

चौथी, मागणी शासनाकडेही हवी, कारण वर्गणी हा हक्काला पर्याय होऊ शकत नाही. तमिळनाडूने २०२० मध्ये शासकीय शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखल्या आणि त्यांच्या शुल्काचा भारही उचलला. खासगी शिकवण्यांना लाखो रुपये मोजू न शकणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्राने असा विचार का करू नये? जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले आपल्यापैकी कितीतरी जण आज येथे आहेत. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वाढवावी आणि निर्वाहभत्ता महिन्याच्या महिन्याला मिळावा, या मागण्यांची निवेदने आपल्या संघटनांनी सामाजिक न्याय विभागाकडे पाठवावीत आणि त्यांचा पाठपुरावा करावा.

धम्मात दानाला पहिली पारमिता मानले आहे. देणाऱ्याच्या सोयीने दिलेले दान त्याला समाधान देते. घेणाऱ्याची गरज ओळखून दिलेले दान तिचे आयुष्य घडवते. यंदाच्या प्रवेशयादीत आपल्या गावाकडचे एखादे नाव दिसले, तर अभिनंदनाच्या संदेशाखाली एक प्रश्न जरूर लिहावा: तुझ्या मेसचे पैसे दर महिन्याला कोण भरणार आहे? उत्तर आले नाही तर ते उत्तर आपण व्हावे.

जय भीम, नमो बुद्धाय.